खापरपणजोबा सापडले, पण एल्मिराला

पॉइंट लुकआउटचा नाद अखेर सोडला. माझ्या सासूबाई नॉर्थ कॅरोलिनाच्या. त्यांचे खापरपणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या सैन्यात, शिपाई होते आणि मेरीलँडमधल्या पॉइंट लुकआउटच्या छावणीत कैदेत वारले, असं त्यांच्या घरात सांगत आले. तिथल्या स्मारकावरच्या नावांत मात्र ते नाहीत. आडनावाची चार स्पेलिंगं करून पाहिली, त्यात वर्ष गेलं.

या महिन्यात नाव सोडलं आणि पलटण धरली. तिसऱ्या नॉर्थ कॅरोलिना इन्फंट्रीची सेवा-कार्डं एकेक करून चाळली, आणि पाचव्याच स्पेलिंगखाली ते भेटले! १२ मे १८६४ला स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत पकडले गेले, पॉइंट लुकआउटला नेले, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मिराला हलवले, मार्च १८६५मध्ये जुलाबाने गेले. त्यांच्या स्वतःच्या सैन्याचे हजेरीपट मे महिन्यातच थांबतात. पुढचं सगळं शत्रूच्या कारकुनांनी लिहिलेलं. तुमचा माणूस पकडला गेला असेल, तर उत्तरेचे कागद आधी उघडा.

एल्मिराची छावणी वर्षभरच चालली. सुमारे १२,००० कैदी आले, त्यातले जवळजवळ ३,००० मेले. त्यांना वुडलॉन दफनभूमीत पुरलं जॉन डब्ल्यू. जोन्स यांनी. ते व्हर्जिनियातल्या गुलामगिरीतून १८४४मध्ये पळून आलेले. आपल्याला गुलाम ठेवू पाहणाऱ्या सैन्याच्या शिपायांची नावं, कंपनी, पलटण, मृत्यूची तारीख, थडग्याचा क्रमांक, सगळं त्यांनी इतकं चोख लिहून ठेवलं की १९०७मध्ये सरकारने दगड बसवले तेव्हा बहुतेक प्रत्येक दगडावर नाव कोरता आलं. आमच्या खापरपणजोबांचाही दगड तिथे आहे. त्याचा फोटो मी रोज उघडून बघते.

त्यानंतर १८६०च्या जनगणनेतल्या गुलामांच्या यादीत खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव मालकांमध्ये शोधलं. खाली दोन ओळी: स्त्री, वय ३०. मुलगा, वय ८. नावं नाहीत. त्या यादीत मालकाचं नाव लिहीत, माणसांची जवळजवळ कधीच नाही. सासूबाईंना फोनवर दोन्ही ओळी वाचून दाखवल्या.

आता या दोघांचा शोध. नॉर्थ कॅरोलिनात गुलामगिरीतून मुक्त झालेल्या जोडप्यांची लग्नं १८६६मध्ये काउंटीच्या वहीत नोंदवली गेली. आधी ती वही बघणार. १८७०च्या जनगणनेत तो मुलगा अठराच्या आसपास असेल आणि तिथे नाव लिहिलेलं असेल. त्या काउंटीतल्या सतरा ते एकोणीस वयाच्या कृष्णवर्णीय मुलांची नावं उतरवायला घेतली आहेत.