आमची वाटचाल : लग्नाच्या कॅमेऱ्यावर उभा राहिलेला चित्रपट

आमच्या संस्थेचं पोट सुरुवातीपासून लग्नं, कंपन्यांच्या माहितीफिती आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ यांवर चाललं. २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यावर फुल एचडी व्हिडिओ मिळू लागला. त्या लाटेत उभ्या राहिलेल्या असंख्य छोट्या युनिटांपैकी आम्ही एक. आधी त्यात सेकंदाला ३० फ्रेमच मिळायच्या. २४ आणि २५ फ्रेमची सोय २०१० च्या अपडेटमध्ये झाली. पूर्ण लांबीचा चित्रपट करायची खुमखुमी आली ती त्यानंतर.

मोठा कॅमेरा भाड्याने आणायचा नाही, हे भागीदाराने आणि मी आधीच ठरवून टाकलं. भाड्याचा कॅमेरा एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग लेन्सचा संच, फोकस सांभाळणारा माणूस, अटेंडंट आणि जास्तीचे दिवे येतात, आणि भाडं दिवसावर चढत जातं. घरचा कॅमेरा उद्याही घरीच असतो. पाऊस आला किंवा नट आजारी पडला, तर शूटिंग पुढे ढकलता येतं आणि कुणाला त्याचं भाडं द्यावं लागत नाही.

पटकथा मात्र सामानाची यादी समोर ठेवून लिहिली. या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरून खाली, ओळीओळीने वाचतो. कॅमेरा झटक्यात फिरवला की दाराच्या उभ्या चौकटी तिरक्या होतात. म्हणून पाठलागाचे प्रसंग लिहितानाच गळाले. एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नसे, म्हणजे साधारण १२ मिनिटांत क्लिप बंद. त्यापेक्षा लांब टेकचा विचारच नको. रात्रीचे बाहेरचे प्रसंग सांजवेळेवर आणले. पात्रं थोडी, घर एकच. गोष्ट त्याने आखडली असं म्हणणारे भेटले, पण मला तर ती घट्ट झाली असं वाटतं.

पार्श्वभूमी धूसर केली की सिनेमा झाला, असा तेव्हा सगळीकडे समज होता. फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फोटो-फिल्मएवढ्या सेन्सरवर, ५० मिमीची लेन्स एफ १.८ ला (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) उघडी ठेवून एक मीटरवरून चेहरा टिपला, तर फोकसमध्ये राहते ती जेमतेम चार सेंटिमीटरची पट्टी. डोळे स्पष्ट, कान गेला. नट बोलता बोलता किंचित पुढे झुकला की डोळेही गेले. आम्ही एफ ४ च्या खाली जायचं नाही असा नियम केला आणि वाचलेले टेक अभिनयावर खर्च केले. उन्हात मग एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कमी करणारी काच, लागतोच. तो नसेल तर शटरचा वेग वाढवावा लागतो, आणि चालणारा माणूस तुटक तुटक दिसू लागतो.

फ्रेम रेटवरून आमच्यात खडाजंगी झाली. भागीदार २५ वर अडून बसला होता, कारण जिथे वीज ५० हर्ट्झची, तिथे दिव्यांशी ते जुळतं. पण चित्रपटगृहात सर्वत्र हमखास चालणारी डीसीपी (चित्रपटगृहाला द्यायची डिजिटल प्रत) २४ फ्रेमची. २५चा चित्रपट २४ वर आणला की १०० मिनिटांचा १०४ मिनिटांहून थोडा जास्त होतो आणि आवाज खाली उतरतो, तो वेगळा सावरावा लागतो. शेवटी २४ फ्रेम आणि विजेशी जुळणारं १/५० सेकंदाचं शटर असा तोडगा निघाला. ट्यूबलाइटही लुकलुकल्या नाहीत.

पैसा ओतला तो आवाजावर. वेगळा रेकॉर्डर, बूमसाठी (नटाच्या डोक्यावर धरायच्या दांडीसाठी) चांगला माइक, कपड्यांना लावायचे दोन छोटे लेपल माइक, आणि ते सांभाळायला आवाजाची जाण असलेला, पगारी माणूस. त्याने पहिल्याच दिवशी फ्रिज बंद केला आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. कारण विचारलं तर म्हणाला, ‘किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज परत चालू करायचा राहत नाही.’ पंखे बंद, जमिनीवर घोंगड्या, सुती शर्टाच्या आत लेपल टेपने चिकटवलेला. प्रत्येक खोलीत प्रसंग संपला की सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. संवादांच्या जोडांमधल्या फटी त्याच शांततेने बुजल्या. डबिंगचा खर्च जवळपास टळला. चित्र थोडं मऊ असलं तरी प्रेक्षक सोसतो. शब्द कळला नाही की तो शेजाऱ्याला विचारतो, आणि मग दोघांचाही प्रसंग जातो.

फुकट कुणालाच राबवलं नाही. थोडं का होईना, पण मानधन आणि लेखी करार. यात दानशूरपणा नव्हता. फुकट येणारा नट दुसरीकडे पैशाचं काम मिळालं की जातो, आणि परत येतो तो दाढी उडवून.

कॅमेऱ्याची मर्यादा खरी दिसली ती मोठ्या पडद्यावरच्या चाचणीत. ८ बिटच्या, म्हणजे रंगांच्या कमी छटा साठवणाऱ्या फुटेजमध्ये संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे पडले होते. वरून फिल्मसारखे बारीक कण (ग्रेन) टाकल्यावर ते विरले. एचडीची रुंदी १९२० पिक्सेल आणि डीसीपीच्या ‘फ्लॅट’ नावाच्या ठरावीक चौकटीची १९९८, त्यामुळे दोन्ही कडांना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. काहीजण चित्र थोडं मोठं करून त्या घालवतात, पण मग वरखाली कापलं जातं. आमच्या फ्रेममध्ये कपाळं आधीच काठाला टेकलेली, म्हणून पट्ट्या तशाच ठेवल्या. कुणी विचारलंही नाही.

चित्रपटाने लावलेला पैसा हळूहळू परत दिला, नफा म्हणावा असा नाही. पण त्याच्यामुळे धंद्याची दिशा पालटली. आमच्यासारखेच घरच्या कॅमेऱ्यावर चित्रपट करणारे येऊ लागले, आणि कॅमेरा त्यांच्याकडे असतोच. त्यांना हवा असतो लोकेशनवरचा आवाज, रोजच्या फुटेजच्या प्रती आणि शेवटी डीसीपी. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलेला एक तास म्हणजे ४५ जीबी. शंभर मिनिटांच्या चित्रपटासाठी दहापट चित्रण धरलं तर ७५० जीबी, आणि तीन ठिकाणी ठेवायचं म्हणजे सव्वादोन टीबी. हे गणित आता आम्ही पहिल्याच बैठकीत मांडतो, कारण बहुतेकांच्या बजेटमध्ये हार्ड डिस्कचा रकानाच नसतो.

लग्नांची कामं आता मोजकीच घेतो. दुसऱ्या चित्रपटाची पटकथा लिहून झाली आहे आणि कॅमेरा यावेळी १० बिटचा आहे, आकाशासाठी. आवाजाला तोच माणूस आहे. त्याच्या तारखा मिळाल्यावरच नटांच्या तारखा घेतल्या.