तितर उडतो, वीरा शिकते

वीरा अकरा महिन्यांची झाली आणि आता तिला रानातल्या तितरांवर न्यायला लागले आहे. ती जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची कुत्री. पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी थिजायचं आणि माणूस येऊन पक्षी उठवेपर्यंत हलायचं नाही, हे तिच्या जातीचं काम. थिजणं शिकवावं लागत नाही. झेप घेण्याआधी शिकारी जनावर क्षणभर दबतं, तोच क्षण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीतून लांबवत आणला आहे. अगदी पिल्लू असताना वीरा काठीच्या दोरीला बांधलेल्या पिसासमोर पाय उचलून उभी राहायची. बघायला फार गोड दिसायचं, पण तो खेळ मी लवकर बंद केला. त्यात कुत्रा डोळ्यांनी शोधायला शिकतो आणि मला तिचं नाक हवं होतं.

शिकवायचं असतं ते अंतर. पक्ष्यापासून किती लांब थांबायचं, हे मला सांगता येत नाही, कारण मला तो वासच येत नाही. ते सांगतो तितर. वीरा एक पाऊल जास्त पुढे गेली की तो फडफडाट करत निघून जातो. पुढच्या वेळी ती आधी थांबते. म्हणून पाळीव, पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांवर तरुण कुत्र्याला जास्त दिवस ठेवणं मला पटत नाही. ते पक्षी नीट उडत नाहीत, कुत्रा नाकाशी येईपर्यंत बसून राहतात, आणि एखादा तोंडात सापडला की पिल्लाला कळतं, सरकत सरकत गेलं तर पकडता येतं. ही सवय मोडायला फार वेळ लागतो. रानातला तितर ती लागूच देत नाही.

तिने पक्षी उठवला आणि पाठलाग केला तर मी गप्प राहते. ओरडत नाही, शिट्टी नाही. तो पक्षी तिच्या हाती लागणार नाही हे मला माहीत असतं आणि थोड्या वेळाने तिलाही कळतं. जीभ बाहेर काढून परत आली की आम्ही पुढे चालायला लागतो. पक्ष्याच्या वासाच्या वेळी शिक्षा तर कधीच नको. झटका देणारा पट्टा तिथे वापरला तर कुत्रा शिक्षेचा संबंध पक्ष्याशी जोडतो, आणि मग वास आला की तोंड फिरवून दुसरीकडे निघून जातो. पॉइंटरचं यापेक्षा मोठं नुकसान नाही. ‘थांब’ हा शब्द आम्ही पक्ष्यांपासून लांब, अंगणात, लांब दोरीवर पक्का केला. रानात तो मी जवळजवळ उच्चारतच नाही.

तिने पॉइंट धरला, म्हणजे वासावर थिजून उभी राहिली, की मी सरळ मागून जात नाही. मागून आलेल्या पावलांनी तरुण कुत्रा पुढे ढकलला जातो. मी बाजूने, मोठा वळसा घेऊन, तिला दिसेन अशी पुढे येते. दोरी हाती लागली आणि तितर दबून बसलेला असला, तर कधी शेजारी बसून तिच्या पाठीवरून उलटा हात फिरवते आणि मागच्या पायांना हलकेच पुढे रेटते. ती उलट मागे रेटा देते, अंग आणखी ताठ करते. त्या वेळी हाताखाली तिचं थरथरणं लागतं, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत प्रिय आहे ते हेच.

बाकी बरंच काही वाऱ्यावर असतं. वास पक्ष्यापासून वाऱ्याबरोबर पसरत जातो, जवळ अरुंद, लांब रुंद. म्हणून मी तिला वाऱ्याच्या तोंडावर सोडते, म्हणजे ती डावी-उजवीकडे आडवी धावत त्या वासाच्या पट्ट्यात शिरते आणि मान झटक्यात वळते. थंड, दमट सकाळ आणि मंद वारा असला की ती लांबूनच पकडते. कोरड्या उन्हात तिचा दोष नसतो. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगूच शकत नाही. तेव्हा पाणी पाजून, पंज्यांतले काटे आणि कानांमागच्या गोचिड्या बघून घरी परत यायचं.

सध्या अडलंय ते पळणाऱ्या तितरांपाशी. तितर नेहमी दबून बसत नाही, झुडपांच्या तळातून चालत सुटतो. वीरा सुंदर उभी असते आणि समोर काहीच नसतं. अशा वेळी तिला पुढे सोडायचं की उभं ठेवायचं? मी तिचं शेपूट बघते. ताठ असेल तर पक्षी आहे असं धरून चालते. हळूहळू हलायला लागलं तर हलकेच ‘चल’ म्हणते, आणि ती सावधपणे पुढे जाऊन पुन्हा थांबते. नाक जमिनीला लावून मागावर जायला लागली तर मात्र तिला बाजूला बोलावून पुन्हा वाऱ्याच्या तोंडावर आणते. डोकं वर ठेवून हवेतला वास घेणारा कुत्रा पक्ष्याला लांबूनच थांबवतो, माग काढणारा त्याच्या शेपटीवर जाऊन पडतो.

बंदुकीच्या आवाजाची ओळख फक्त पाठलागातच करून देते आहे. पक्षी उडालेला, ती पूर्ण वेगात आणि पुष्कळ लांब गेलेली, तेव्हाच कोऱ्या, म्हणजे छर्रे नसलेल्या, काडतुसाचा एक बार. आतापर्यंत तिने कानही हलवलेला नाही, तरी अंतर कमी करायची घाई मी करणार नाही. शिवाय अंडी-पिल्लांचा काळ जवळ येतोय. तितर जमिनीवरच घरटं करतो, तेव्हा पिल्लं उडती होईपर्यंत ते रान आमच्यासाठी बंद. त्या महिन्यांत तिला एका जाणत्या कुत्रीबरोबर कबुतरांवर नेईन, दुसऱ्याने पॉइंट धरला की मागेच थांबून त्याचा मान राखायला शिकवायचं आहे. मोसमाच्या सुरुवातीला नवे, तरुण तितर जास्त वेळ दबून बसतात, त्यांच्यावर पुन्हा सुरुवात करू.