आमची वाटचाल : सत्तरीतील काजूगर उद्योग

वाळपईजवळच्या आमच्या कारखान्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील बागायतदारांच्या काजूबिया वाफवून, फोडून, सुकवून आणि सोलून काजूगर तयार केला जातो. घराच्या पडवीत सुरू झालेला हा उद्योग गावातच, बागायतीला लागून वाढवावा, अशी वडिलांची इच्छा होती.

गोव्याचे क्षेत्रफळ जेमतेम 3,702 चौरस किलोमीटर असल्यामुळे येथे दुर्गम असे काही नसावे, असा बाहेरच्यांचा समज असतो. गावात वीज होती, मात्र ती दिवे-पंख्यांपुरती; ड्रायरसाठी थ्री फेज जोडणी मागितली तेव्हा आधी जागेची कागदपत्रे विचारली गेली. मोकासो (इनामाच्या) आणि आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या) जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या सत्तरीतील अनेक कुटुंबांची नावे एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, मालक म्हणून नाहीत. मालकी नसल्याने सनद (शेतजमीन इतर कामासाठी वापरण्याची परवानगी) मिळत नाही, सनदेविना कारखाना उभा राहत नाही, आणि तारण ठेवायला काही नसल्याने बँकही पुढे येत नाही. किनारपट्टीवरील व्यावसायिकांना हे सांगितले, तर ते आमच्याकडे अविश्वासाने पाहतात. 1999 मध्ये म्हादई अभयारण्य घोषित झाल्यानंतर त्याच्या हद्दीतील गावांत विजेचा खांब रोवण्यासाठीही वन खात्याच्या परवानगीची भर पडली. अभयारण्याला आमचा विरोध नाही, कारण म्हादई नदीचे पाणी त्या रानावरच टिकून आहे; तक्रार आहे ती वर्षानुवर्षे न सुटणाऱ्या मालकी हक्काच्या प्रश्नाविषयी.

अखेर मुख्य रस्त्यालगत भाड्याची शेड घेऊन यंत्रे तेथे बसवली. जोडणी मिळाली, परंतु कामगार महिला आतल्या वाड्यांवर राहिल्या आणि संध्याकाळची बस चुकली की घरी परतायला साधन उरत नसे. म्हणून गरावरील पापुद्रा काढण्याचे काम, ज्याला विजेची गरज नसते, काही काळ घरोघरी दिले. पण एकसारखी स्वच्छता राखणे कठीण गेल्याने ते थांबवून आम्ही स्वतःची गाडी ठेवली. तिचा खर्च शहराजवळच्या कारखानदाराला करावा लागत नाही, बाजारातला दर मात्र दोघांनाही सारखाच मिळतो.

खरेदीतही हाच फरक जाणवतो. जेथे टेंपो पोहोचत नाही, तेथील बागायतदार पाऊस येण्यापूर्वी दलाल सांगेल त्या भावाने बिया देऊन मोकळा होतो. अशा वाड्यांवर आता आम्ही हंगामात काटा घेऊन जातो आणि रेंज मिळत नसल्याने पैसे रोखीनेच चुकते करतो.