हॉलमध्ये कीटन, पॅसेजमध्ये दादा

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या जुन्या घरांत हॉलची मोठी भिंत गेलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेली असते. पणजोबा, आजोबा, त्यांचे थोरले भाऊ, एखादी अकाली गेलेली काकी. सगळे काळ्या-पांढऱ्या फोटोत आणि सगळे गंभीर. त्या काळी कॅमेऱ्यासमोर हसायचं नाही असा दंडकच असावा. फोटोंवर चंदनाचे हार, वर एक लाल दिवा, तो बहुतेक वेळा गेलेला. आमच्याकडेही हेच दृश्य. अशा भिंतीवर सिनेमातल्या विनोदी नटांसाठी जागा मागणं म्हणजे पंगतीला उशिरा येऊन पहिलं पान मागण्यासारखं होतं. मी मागितली. घरात दोन दिवस अबोला झाला आणि शेवटी जागा मिळाली ती मूकपटांतल्या एकट्या बस्टर कीटनला.

कारण उघड आहे. हा माणूस हसत नाही. चपटी हॅट, मोठे डोळे, दगडी चेहरा. आईने फ्रेम हातात घेऊन चष्म्यातून निरखली आणि म्हणाली, "हो बरो दिसता. शाणो दिसता." ज्या माणसाने १९२८ साली ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये अख्ख्या घराची दर्शनी भिंत स्वतःच्या अंगावर पाडून घेतली, त्याला शहाणा म्हणणारी आमची आई जगात एकटीच असेल. ती भिंत खरी होती, वजन सुमारे दोन टन. कीटन नेमका तिथे उभा, जिथे वरच्या मजल्याची उघडी खिडकी खाली येणार. इकडे-तिकडे काही इंच. भिंत कोसळते, धुरळा उडतो, आणि हा तसाच उभा. चेहऱ्यावर रेषा हलत नाही.

चवथीला पाहुणे येतात तेव्हा खरी गंमत. गेल्या वर्षी आमची एक लांबची आते गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून भिंत न्याहाळत होती. कीटनपाशी तिची नजर थांबली. "हो कोण मरे? तुज्या आज्याचो भाव?" मी म्हटलं, लांबचा. आते थोडा वेळ बघत राहिली आणि निर्वाळा दिला, "नाक तशेंच आसा."

हा कीटन लागल्यापासून मला एक गोष्ट कळली, की विनोदाच्या वस्तू घरात मांडायच्या तर प्रश्न संग्रहाचा नसतो, जागेचा असतो. पैसे टाकून पोस्टर कुणीही आणील. पण हसवणाऱ्या माणसाला कुठल्या खोलीत, कोणाच्या शेजारी, किती उंचीवर बसवायचं हे ठरवताना घराचा सगळा मानपान वर येतो. सिनेमानेसुद्धा या लोकांना जागा देताना हात आखडताच घेतला आहे. जुनी हिंदी पोस्टरं नीट बघा. मधोमध नायक-नायिकेचे भलेमोठे चेहरे, बाजूला खलनायकाची भुवई, आणि अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या वर, पोस्टाच्या तिकिटाएवढा जॉनी वॉकर. सिनेमाहून परतताना लोक ज्याच्या नकला करत घरी गेले, तो कोपऱ्यात. माझ्याकडचं असं एक पोस्टर मी मुद्दाम इतकं खाली लावलं आहे की खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर थेट तो कोपराच येतो. नायक-नायिका वर छताकडे. त्यांना सवय आहे उंचीची.

जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, आधी मुंबईत बेस्टचा बस कंडक्टर होता. व्हिस्कीवरून त्याला नाव दिलं गुरुदत्तने, आणि हा स्वतः दारूला शिवत नसे. गोव्यात ही गोष्ट सांगितली की ऐकणारा थोडा हळहळतो. त्याच्या शेजारी, मुख्य दाराच्या चौकटीला लागून, मेहमूद आहे. ‘बॉम्बे टू गोवा’, १९७२. त्यात मेहमूद कंडक्टर खन्ना आणि त्याचा सख्खा भाऊ अन्वर अली ड्रायव्हर राजेश. म्हणजे ऐन राजेश खन्नाच्या जमान्यात राजेश खन्ना नाव दोघांत वाटून घेतलं होतं. खरा कंडक्टर नट झाला आणि नट कंडक्टर झाला, तेव्हा दोघांना एका दारापाशी ठेवणं मला योग्य वाटलं. आमच्या दारावरून पणजीच्या बसेस जातात. त्यांचे कंडक्टर "पणजी पणजी पणजी" असं एका श्वासात ओरडतात ना, ते ऐकताना मेहमूदकडे माझी नजर जातेच. दोघांच्या खाली ‘जोहर मेहमूद इन गोवा’चं गाण्यांचं पुस्तक आहे, थिएटरबाहेर काही पैशांना मिळायचं तसलं. सिनेमा १९६५चा, म्हणजे मुक्तीनंतर चार वर्षांनी आलेला. सिनेमा म्हणून फार थोर नाही. पण गोव्याच्या मुक्तीसारख्या विषयात दोन विदूषक सोडायचं धाडस इतक्या लवकर केलं, याचं मला अप्रूप आहे.

आता फोटोंविषयी. विनोद म्हणजे हालचाल आणि फोटो म्हणजे थांबलेली हालचाल. त्यामुळे पडलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर कधीही लावू नये, तो अपघाताच्या बातमीतला वाटतो. फोटो हवा तो पडण्याच्या आधीचा. हॅरॉल्ड लॉइड घड्याळाच्या काट्याला लोंबकळतोय, खाली रस्त्यावर मोटारी मुंग्यांएवढ्या. १९२३च्या ‘सेफ्टी लास्ट’मधलं हे दृश्य इतकी वर्षं टिकलं कारण तो अजून पडलेला नाही. त्याचा उजवा हात जवळून बघा. १९१९मध्ये फोटोसाठी पोज देताना नकली समजून धरलेला बॉम्ब खरोखर फुटला आणि त्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. नंतर तो पडद्यावर खास बनवलेला हातमोजा घालायचा. हे समजल्यावर फोटो पहिल्यासारखा बघताच येत नाही. मी तो जिन्यात लावला आहे, वळणावर, जिथे येणाऱ्याचा हात आपोआप कठड्यावर जातो.

त्याच जिन्यात लॉरेल-हार्डी, पियानोसकट. आपले जाड्या-रड्या. १९३२च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये दोघे पियानोचं खोकं जिन्याने वर नेतात आणि ते पुन:पुन्हा खाली येतं. लॉस एंजेलिसमधला तो जिना अजून आहे. विनोदी लघुपटाचं ऑस्कर पहिल्यांदा दिलं गेलं ते याच सिनेमाला. गोव्यात हा सिनेमा जास्त कळतो, असं माझं आपलं मत. इथल्या जुन्या मोठ्या घरांत पियानो होते, आणि ते कुणीतरी पायऱ्या चढवून आत नेलेच असणार. पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण चढताना मला दर वेळी त्या अनाम हमालांची आठवण येते.

जाड्या-रड्याचं एक पोस्टकार्ड मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं, जुन्या कुलपांच्या आणि फुटक्या अझुलेजूंच्या, म्हणजे रंगीत पोर्तुगीज फरशांच्या, ढिगात. त्यावर पोर्तुगीजमध्ये ‘बुशा इ श्तिका’. पोर्तुगालमध्ये हे दोघे याच नावाने ओळखले जायचे, जसा चॅप्लिन तिथे ‘शार्लो’. विकणाऱ्याला त्याचं काही नव्हतं. त्याने कुलपाबरोबर फुकट दिलं. कुलूप अजून उघडलेलं नाही.

पण घरातली सगळ्यात कामाची वस्तू जेवणाच्या टेबलावर आहे: लॉरेल आणि हार्डीच्या चिनी मातीच्या डोक्यांची मीठ-मिरपुडीची जोडी. हॅटच्या वर भोकं. हार्डीत मिरी, लॉरेलमध्ये मीठ. एप्रिल-मेपर्यंत दोघांचं काम चोख. जून उजाडला, दमट वारा सुटला, की लॉरेल संप करतो. आपटा, हलवा, टाचणीने भोकं मोकळी करा, काही पडत नाही. मिठात तांदळाचे दाणे घातले तर थोडे दिवस निभावतं. मग अचानक एका आपटीत अर्धं मीठ सोलकढीत. हार्डीच्या मिरीला पावसाने काही होत नाही, तो शेजारी फुगलेल्या गालांनी बसलेला असतो. सिनेमात घोळ लॉरेल घालायचा आणि भोगायचा हार्डी. आमच्याकडे भोगतो तो पाहुणा.

पावसाचं नाव काढलंच आहे तर कागदाचं दुखणंही सांगून टाकतो, कारण कुणी गोव्यात असला संग्रह करणार असेल तर नटांची नावं माहीत असण्यापेक्षा हे माहीत असणं जास्त गरजेचं. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि पश्चिमेकडची तर सप्टेंबरपर्यंत ओली लागते. त्यावर टेकून लावलेली फ्रेम मागून कुजते, पुढून कळतही नाही. म्हणून फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे काप चिकटवायचे, हवा खेळायला जागा राहते. बुचं आपल्याकडे मुबलक. कशाची ते विचारू नये. काच थेट कागदाला भिडू द्यायची नाही, मध्ये पुठ्ठ्याचा माउंट हवाच. नाहीतर ओल धरून छपाई काचेला चिकटते आणि काढताना नायकाचं नाक काचेबरोबर येतं. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, काहीही लावायचं नाही. उन्हात आधी पिवळा आणि लाल रंग उडतात, निळा मागे राहतो. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने बाहेर लावलेला किशोरकुमार दोन उन्हाळ्यांत थेट घनश्याम झाला.

कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, हा आणखी एक रसिक. तिला खळ आवडते, म्हणून ती जिथे कागद चिकटवलेला असेल तिथून सुरुवात करते. गाण्यांच्या पुस्तकांचे कणे आधी जातात.

घडी पडलेलं पोस्टर पाहून लोक हळहळतात. मला उलट घडी नसलेल्या पोस्टरचा संशय येतो. जुनी पोस्टरं थिएटरांना घडी घालूनच पाठवली जायची. तसंच लॉबी कार्डांचं, म्हणजे थिएटरच्या काचेच्या पेटीत लावायचे ते फोटो. चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आणि भोकांभोवती गंजाची तांबूस वर्तुळं असतील, तर ते कार्ड खरोखर कुठल्यातरी थिएटरात राबलेलं आहे. हॉलिवुडच्या त्या काळची अस्सल पोस्टरं माझ्या ऐपतीपलीकडची. कीटन, लॉइड सगळे नंतरचे छाप आहेत आणि मला त्याची लाज नाही. मराठी-हिंदी मात्र भोकांसकटच घेतो.

चॅप्लिनचं काय, असं विचारणारे असतात. चॅप्लिन अभ्यासिकेत आहे, पण टोपी-काठीतला नव्हे. तो १९३१चा लंडनमधला फोटो आहे, गांधीजींबरोबरचा. मिशी नाही, केस पिकायला लागलेले, अंगात सूट. येणारा प्रत्येक जण गांधीजींना ओळखतो आणि विचारतो, बाजूचा कोण? जगातला त्या वेळचा सगळ्यात ओळखीचा चेहरा, एक मिशी काढली तर संपला. ही गोष्ट मला त्याच्या कितीतरी सिनेमांपेक्षा विनोदी वाटते.

सगळ्यात अवघड वाटाघाटी झाल्या त्या दादा कोंडक्यांवरून. ‘सोंगाड्या’, १९७१. लोंबणारी नाडी, अर्धी चड्डी, आणि चेहऱ्यावर जगातलं सगळं निष्पापपण. आईची अट एकच: देवघरातून दिसता कामा नये. हॉलमधून देवघर दिसतं, जिन्यातून दिसतं, जेवणघरातून तर समोरच. नऊ सिनेमांच्या रौप्यमहोत्सवासाठी ज्याचं नाव गिनीज बुकात गेलं, त्या माणसाला आमच्या एवढ्या घरात भिंत मिळेना. शेवटी न्हाणीघराकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये सोय झाली. मला वाईट वाटलं होतं, पण झालं भलतंच. त्या पॅसेजमध्ये घरातल्या प्रत्येकाला दिवसातून अनेकदा जावं लागतं, पाहुण्यांनाही. हॉलमधल्या कीटनला मान आहे, गर्दी दादांकडे. चवथीच्या दिवसांत न्हाणीघराबाहेर रांग लागते तेव्हा सोवळ्यातले भटजीसुद्धा दादांसमोर उभे असतात आणि ओठ दाबून छताकडे बघतात. दादांच्या समोरच्या भिंतीवर ‘अशी ही बनवाबनवी’ आहे, १९८८. तिथून जाणारा एकही माणूस त्यातला संवाद न म्हणता पुढे सरकत नाही. आत गेलेला माणूस पुढचा संवाद आतून म्हणतो. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना याहून चांगलं थिएटर कुठलं मिळणार?

आता या पॅसेजमध्ये एकच जागा रिकामी आहे, ती राजा गोसावींची. १९५२चा ‘लाखाची गोष्ट’ लागला तेव्हा हा नायक पुण्याच्या भानुविलास थिएटरात तिकिटं विकायचं काम करत होता, असं सांगतात. म्हणजे खिडकीत बसून स्वतःच्याच सिनेमाची तिकिटं फाडून द्यायची आणि पडद्यावरही स्वतःच. त्यामुळे मला पोस्टर नको, त्या सिनेमाचं एखादं फाटकं अर्धं तिकीट हवं आहे. मुंबईच्या चोरबाजारात दोन-चार जणांना सांगून ठेवलंय. ते "आयेगा, आयेगा" म्हणतात. मी खिळा मात्र आधीच ठोकून ठेवला आणि तिथे बायकोने पावसाळ्यापुरती छत्री अडकवली आहे. पावसाळ्यापुरती म्हणजे कुठल्या वर्षीच्या, हे मी अजून विचारलेलं नाही.