मोजा परत

नाशिकच्या समनगाव रोडच्या सरकारी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन 1996 साली मी सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे सुट्टी शनिवारी, रविवारी काम. आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. पाहुणे नेमके रविवारी यायचे. आणि त्याच आठवड्यात भेटले इन्स्पेक्शनच्या टेबलामागे बसलेले नाना.

नाना जवळच्या बेळगाव ढगा गावाहून सायकलीवर यायचे. शिक्षण सातवी. लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, वीस वर्षं काढून मग तपासणीला आलेले. मालकापासून चहावाल्या पोऱ्यापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून ‘ताई’ म्हणायचे, आणि ‘तुम्ही’. मी त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाची. तो मान होता की लांब ठेवायची युक्ती, हे बरेच दिवस उमगलं नाही. शॉपमध्ये मी एकटीच बाई होते, तेव्हा दोन्ही असणार.

मी शाफ्ट, म्हणजे यंत्राचा गोल दांडा, मोजून आकडा सांगितला की मान वर न करता ते म्हणत, “मोजा परत.” आकडा चुकला तरी तेच, बरोबर असला तरी तेच. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरचं गणित मला तोंडपाठ होतं: स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकणं, अर्धा मिलिमीटर, थिंबलवर, म्हणजे फिरत्या नळीवर, 50 भाग, म्हणून 0.01 मिलिमीटरपर्यंत माप. पण हात तयार नव्हता. मी तो आवळायचेच.

“ताई, नळ बंद करताय का?” नानांनी विचारलं. मग टोकाची रॅचेट, म्हणजे ठरावीक दाबानंतर नुसतीच फिरणारी मूठ, फिरवून दाखवली. कट, कट, कट. तीनदा वाजलं की थांबायचं. त्याआधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसायची, ती मिटवून शून्य बघायचं, मगच जॉबला, म्हणजे मोजायच्या तुकड्याला, हात लावायचा. यातलं बाकी काही त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. ते करायचे, आणि मी बघतेय की नाही ते बघायचे. मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, या त्यांच्या रीतीचा मला तेव्हा राग यायचा. खरं तर थोडा अजूनही येतो.

मे महिना होता. नाना रजेवर. पाळी साडेतीनला सुटायची आणि मला एसटीची शहर बस गाठायची होती. लेथवरून नुकतेच उतरलेले 50 मिलिमीटरचे चाळीस शाफ्ट मी भराभर मोजले. हाताला चांगलेच चटके बसत होते. सगळे मापात, सही करून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी एक उचलला, तीनदा वाजवलं. दुसरा उचलला. तिसरा. मग काही न बोलता ट्रे माझ्याकडे सरकवला. झाडून सगळे खालच्या मर्यादेच्याही खाली.

लोखंड तापलं की फुगतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. 50 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट 30 अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण 0.017 मिलिमीटरने जाड भरतो, हे मी तिथल्या तिथे कागदावर काढूनही दाखवलं. नानांनी कागद नीट वाचला. “गणित बरोबर आहे. काल का नाही केलं?”

जाड राहिलेला जॉब परत लेथवर चढतो. बारीक झालेल्याला स्क्रॅपच्या डब्याशिवाय जागा नाही. नाना माझ्यासाठी सुपरवायझरकडे शब्द टाकतील, अशी माझी भाबडी समजूत होती.

“मी कशाला? सही कुणाची आहे? जा, सांगून ये. तोवर चहा सांगतो.”

सांगून *ये*. सांगून या नव्हे! बोलणी खाताना निम्मं लक्ष माझं त्या ‘ये’कडेच होतं. परत आले तेव्हा चहावर साय धरली होती. त्या दिवसापासून ‘ताई’ सुटलं आणि ‘मोजा परत’चं ‘मोज परत’ झालं.

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. पुढे बऱ्याच झाल्या.

गेल्या पावसाळ्यात त्र्यंबक रोडला गावठी काकड्या दिसल्या म्हणून गाडी थांबवली. गाड्याशेजारी छत्री टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे. मीच पुढे होऊन विचारलं, “ओळखलंत का, नाना?”

त्यांनी डोळे बारीक केले. “सातपूरच्या ना तुम्ही, ताई?”

झालं, पुन्हा ‘तुम्ही’. तब्येतीचं, सुटलेल्या सायकलीचं, माझ्या मुलांचं विचारून झालं. मग दोघंही गप्प. तेवढ्यात पोराने काकड्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकल्या, आकडा सांगितला, मी पर्स उघडली.

नानांनी छत्रीचं टोक काट्याकडे नेलं. “काढ त्या काकड्या. रिकामा होता तेव्हाच चाळीस ग्रॅम दाखवत होता तो. आधी शून्यावर आण, मग मोज परत.”

आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “अन् तू काय पाहत होती गं?”