तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याची मी आणि पोर्तुगेझा

प्रश्न नेहमी एकाच वाक्यात येतो. "तुझे आजोबा पोर्तुगीजांच्या आग्वाद तुरुंगात होते आणि तू त्यांच्याच नावाच्या फुटबॉल क्लबसाठी जीव टाकतेस?" डिचोलीला घरच्या लग्नात विचारतात, पुण्याचे मित्र विचारतात, इथे ब्राझीलमध्ये साओ पाउलोत नव्याने आलेली मराठी मंडळी तर पहिल्याच भेटीत विचारतात. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदा नीट उत्तर देते.

आजोबांबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. १९५५चा सत्याग्रह, सीमेवरचा गोळीबार, १९ डिसेंबर १९६१ची गोव्याची मुक्ती, हे सगळं तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. यातलं काहीही मी विसरलेले नाही. तुम्हाला ठाऊक नाही तो क्लब.

साओ पाउलोतल्या पोर्तुगीज स्थलांतरितांचे पाच लहान क्लब १४ ऑगस्ट १९२० रोजी एकत्र आले आणि पोर्तुगेझा उभी राहिली. आम्ही तिला लुझा म्हणतो. १३८५ साली याच तारखेला आल्जुबारोताच्या लढाईत पोर्तुगालने कास्तीलचा पराभव केला होता. क्लबचे रंग लाल आणि हिरवा, पोर्तुगालच्या झेंड्याचेच. हे ऐकून तुमच्या कपाळावर आठी पडली असणार. माझ्याही पडली होती. पण ते स्थलांतरित कोण होते ते बघा. साम्राज्य लिस्बनच्या दरबाराचं होतं, आणि त्याच देशातल्या खेड्यांत पोट भरेना म्हणून ही माणसं बोटीत बसली. साओ पाउलोत त्यांनी बेकऱ्या चालवल्या, वखारींत ओझी वाहिली, किराणा विकला. ब्राझीलमध्ये आजही बुद्दू माणसाचा विनोद सांगायचा तर त्यातला माणूस पोर्तुगीज असतो. शाळेतल्या पोरांनासुद्धा ते विनोद पाठ असतात.

या क्लबचा सर्वांत मोठा खेळाडू कोण म्हणाल तर माझ्या मते जाल्मा सांतोस. साओ पाउलोतला कृष्णवर्णीय मुलगा, उजव्या बाजूचा बचावपटू. १९५८च्या विश्वचषकात तो फक्त अंतिम सामना खेळला आणि तेवढ्यावर स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात गेला. तेव्हा तो लुझाचा होता. नंतर देनेर आला, ज्याच्या पायांत चेंडू आला की सारं मैदान उभं राहायचं. १९९४ साली मोटार अपघातात तो गेला, वय २३. यांतल्या कुणाचंही घराणं लिस्बनचं नव्हतं. नाव पोर्तुगालचं, पण क्लब मैदानावर वाढवला इथल्याच पोरांनी.

आणि हो, हरण्याबद्दलही तुम्ही विचारता. १९७३ साली राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंचाने पेनल्टी मोजताना चूक केली आणि लुझाच्या दोन किक शिल्लक असताना पेलेच्या सांतोस क्लबला विजेता घोषित केलं. शेवटी विजेतेपद दोघांत वाटून दिलं. १९९६ला राष्ट्रीय अंतिम फेरीत ग्रेमियो क्लबविरुद्ध पहिला सामना २-० जिंकून दुसऱ्यात तेवढ्याच फरकाने हरलो. आधीच्या फेऱ्यांतली कामगिरी सरस म्हणून चषक ग्रेमियोकडे गेला. ग्रेमियोचा दुसरा गोल पडला तेव्हा सहाच मिनिटं उरली होती. ते वाचून मला हळहळ वाटते, पण तेव्हा मी तिथे नव्हते.

२०१३ला मात्र होते.

८ डिसेंबर, हंगामाचा शेवटचा सामना, तिएते नदीकाठच्या आमच्या कानिन्दे मैदानावर, समोर पुन्हा ग्रेमियो. प्रथम श्रेणीत टिकण्याची काळजी उरली नव्हती, त्यामुळे स्टँडमध्ये जत्रेसारखं वातावरण होतं. माझ्या शेजारी नेहमी बसणारे एक म्हातारे बेकरीवाले होते. उत्तर पोर्तुगालच्या डोंगराळ भागातून लहानपणी आलेले. मी गोव्याची आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नव्हते. मग म्हणाले होते, "आमच्या गावची पोरं तिकडे शिपाई म्हणून धाडली होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं." त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. सामना ०-० सुटला. उत्तरार्धात ३२व्या मिनिटाला एवेर्तोन नावाचा एक खेळाडू बदली म्हणून आत आला होता. त्याने फार काही केलं नाही. कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

दोन दिवसांनी कळलं की तो खेळायलाच नको होता. आधी त्याला लाल कार्ड मिळालं होतं, त्याचा एक सामना तो बाहेर बसला होता. शुक्रवारी, म्हणजे सामन्याच्या दोनच दिवस आधी, रिओतल्या क्रीडा न्यायाधिकरणाने बंदी दोन सामन्यांची केली. रविवारचा सामना हा त्यातला दुसरा. नियम असा की अपात्र खेळाडू उतरवला तर एका विजयाला मिळतात तेवढे ३ गुण कापायचे, शिवाय त्या सामन्यात मिळालेले गुणही काढून घ्यायचे. म्हणजे एकूण ४. लुझा ४८वरून ४४वर आली. दुसऱ्या श्रेणीत घसरलेला रिओचा फ्लुमिनेन्स क्लब, आदल्या वर्षीचा विजेता, ४६ गुणांवर होता. तो वर राहिला, आम्ही खाली गेलो.

१६ डिसेंबरला न्यायाधिकरणाच्या पाचही सदस्यांनी आमच्याविरुद्ध मत दिलं. २७ तारखेला अपिलातही तेच, तिथे आठही जणांनी. नियम मोडला गेला, हे मला मान्य आहे. ते शब्द मी कितीतरी वेळा वाचलेत, त्यात पळवाट नाही. पण ज्या संघाला त्या सामन्यातून काहीच मिळवायचं नव्हतं, त्याच्या बदली खेळाडूच्या शेवटच्या काही मिनिटांवर ३८ सामन्यांचा हंगाम पुसायचा? मैदानात धावून मिळवलेले गुण फायलीत वजा करायचे? त्याच आठवड्यात अशाच कारणासाठी फ्लामेंगोचेही ४ गुण गेले आणि ते ४५वर आले. लुझाने चूक केली नसती तर ४५ गुणांवर फ्लामेंगोच खाली गेला असता. रिओचे दोन्ही मोठे क्लब वाचले आणि बेकरीवाल्यांचा क्लब बुडाला. यात कट होता असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. क्लब म्हणाला आम्हाला कुणी कळवलं नाही, वकील म्हणाले मी कळवलं होतं. सरकारी चौकशी झाली, कोर्टात कुणाचा गुन्हा सिद्ध झाला नाही. त्या शुक्रवारी कोणाला काय माहीत होतं, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

मग १९ डिसेंबर आला. मुक्तिदिनाच्या शुभेच्छा द्यायला मावसभावाचा घरून फोन आला. दादाने बातमी वाचली होती. म्हणाला, "पोर्तुगीज परत हरले म्हणायचे. चांगल्या दिवशी हरले." माझ्यापेक्षा मोठा आहे, मी उलट बोलले नाही. फोन ठेवल्यावर मात्र रडले, आणि त्या रडण्याची मला लाज वाटली. आजोबांच्या दिवशी मी कोणासाठी रडत होते? दादाचं वाक्य खोटं होतं का? त्याच्या जागी मी डिचोलीत असते तर तेच म्हटलं असतं. पण मी त्या स्टँडमध्ये बसले होते आणि माझ्या शेजारचा माणूस कुणाचाही गव्हर्नर नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला मला आवडत नाही. एप्रिल २०१४मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात, जॉइनव्हिलला, कोर्टाचा मनाई हुकूम आला म्हणून आमचा संघ १७ मिनिटांत मैदान सोडून गेला. वर्षअखेरीस तळाशी. मग तिसरी श्रेणी, मग चौथी, आणि २०१८ साली लुझा कुठल्याच राष्ट्रीय श्रेणीत नव्हती. मैदान लिलावात निघालं. २०२२ला राज्याच्या दुसऱ्या गटाचं विजेतेपद मिळालं आणि श्वास घेता आला. आता तुम्ही तिला "छोटा क्लब" म्हणता. म्हणा. ती लहान जन्मली नव्हती, तिला लहान करण्यात आलं, आणि त्यात तिच्याच कारभाऱ्यांचा मोठा हात होता.

पूर्वी मी तुम्हाला एक उत्तर देत असे: "नावात काय आहे, खेळ बघा." आता ते उत्तर मला पटत नाही. नाव महत्त्वाचं आहे. याच शहरात इटालियन लोकांच्या पालेस्त्रा इतालियाला १९४२ साली, महायुद्धात, नाव टाकून पाल्मेइरास व्हावं लागलं. पाल्मेइरास पुढे केवढा मोठा झाला! लुझाने नाव राखलं, आणि ज्यांची आजी पोर्तुगीज नाही अशा कितीतरी मुलांना ती आपली वाटलीच नाही. त्या नावाची किंमत तिने मोजली आहे.

मग मी दुसरं उत्तर शोधलं होतं. त्या पाच क्लबांपैकी एकाचं नाव होतं "५ ऑक्टोबर". १९१०च्या त्या दिवशी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, आणि त्याच प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क दिले. त्यानंतरच आपल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांची दारं मोकळी झाली. म्हणजे हा क्लब त्या चांगल्या पोर्तुगालचा, असं मी मांडायचे. ऐकायला बरं वाटतं. पण आजोबांना आत टाकणारा हुकूमशहा सालाझारही त्याच लाल-हिरव्या झेंड्याखाली राज्य करत होता. १९३०च्या वसाहत कायद्याने आपल्याला पुन्हा खालच्या पायरीवर बसवलं, तेव्हाही झेंडा तोच होता. त्यामुळे त्या उत्तराने माझंच समाधान होत नाही.

उरतं ते एवढं. गोव्यातल्या वास्को-द-गामा शहराचं नाव बदलावं म्हणून कॉलेजात असताना मी सह्या गोळा केल्या होत्या. आजही कुणी कागद पुढे केला तर सही करीन. पोर्तुगेझाचं नाव मात्र कुणी बदलायला निघालं, तर त्याविरुद्ध कानिन्देच्या दारात उभी राहीन. या दोन मतांचा मेळ कसा घालायचा ते मला कळलेलं नाही. तुम्ही घालून दाखवलात तर मी ऐकेन, पण तोवर सामन्याला जायचं सोडणार नाही.