मेल सर्व्हर बंद होण्याआधी : पायथननं पत्रं उतरवून घेण्याचा माझा अनुभव

आमच्या दिवाळी अंकाचा सगळा पत्रव्यवहार एका जुन्या मेल खात्यात होता. लेखकांच्या कथा-कविता, मुद्रितशोधनानंतरच्या दुरुस्त्या, चित्रकारांनी पाठवलेली मुखपृष्ठाची कच्ची रेखाटनं, मानधनाची पत्रं, जाहिरातींचा मजकूर, सगळं तिथेच. एक दिवस होस्टिंग कंपनीचं पत्र आलं : मेल सेवा बंद करत आहोत, मुदतीच्या आत आपली पत्रं काढून घ्या. वेबमेलमध्ये एकेक पत्र उघडून उतरवून घ्यायची सोय होती, पण पत्रं हजारांनी होती. अंकाचं तांत्रिक काम माझ्याकडे असल्यामुळे हे आपोआपच माझ्याकडे आलं.

संपादक सरांनी एकच अट घातली. "जी पत्रं ठळक दिसतात ना, ती ठळकच राहू देत. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही." म्हणजे न वाचलेल्या पत्रांची खूण हीच सरांची कामाची यादी होती. पत्र वाचलं तरी उत्तर जाईपर्यंत ते परत 'न वाचलेलं' करून ठेवायची त्यांची वर्षानुवर्षांची सवय. ही अट मला फार मोलाची वाटली, कारण पुढचे बरेच निर्णय तिनेच ठरवले.

मेल सर्व्हरवरून पत्रं आणायचे रूढ मार्ग दोन, पॉप आणि इमॅप. पॉपला फक्त इनबॉक्स कळतो. फोल्डर, वाचलेलं-न वाचलेलं, उत्तर दिलेलं यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. आमच्याकडे तर दर वर्षाच्या अंकाचं वेगळं फोल्डर होतं, त्यामुळे पॉप बाद. इमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि त्यांच्यावरच्या खुणाही तिथेच असतात. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना हा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरशी बोलायचे नियम, मांडला. पुढे २००३ साली निश्चित झालेली त्याची आवृत्ती आजही बहुतेक सर्व्हर बोलतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यासाठी इमॅपलिब ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, भाषेबरोबरच येते, वेगळं काही बसवावं लागत नाही. अशा कामाला मी हीच निवडतो. तिच्यावर आणखी सोप्या लायब्रऱ्या आहेत, पण त्या बरंच काही आपल्या नकळत करतात, आणि इथे नकळत काही व्हायला नको होतं.

९९३ या पोर्टवर सुरक्षित जोडणी केली, लॉगिन झालं. सर्व्हरनं स्वतःची ओळख डव्हकॉट अशी दिली तेव्हा हायसं वाटलं. डव्हकॉट हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम नियमांना धरून चालतो.

आता सरांच्या अटीचं. इमॅपमध्ये एखाद्या पत्राचा मजकूर साध्या पद्धतीनं मागितला की सर्व्हर त्यावर 'वाचलं' अशी खूण मारतो. ती टाळायचे दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही केले. फोल्डर उघडायच्या सिलेक्ट या आज्ञेला 'रीडओन्ली' सांगायचं, म्हणजे त्या जोडणीतून कुठलीच खूण बदलू शकत नाही. आणि मजकूर मागताना 'बॉडी' न म्हणता 'बॉडी.पीक' म्हणायचं, म्हणजे पत्र जसंच्या तसं मिळतं पण खुणेला हात लागत नाही. सुरुवातीला दोन-चारच पत्रं आणली आणि सरांना वेबमेल उघडून बघायला सांगितलं. सगळी ठळकच होती. मग पुढे निघालो.

दुसरा निर्णय क्रमांकांचा. फोल्डरातल्या पत्रांना १, २, ३ असे क्रमांक असतात, पण मधलं एखादं पत्र कायमचं काढलं की पुढचे सगळे सरकतात. हा प्रकार चालू असताना सर तर खातं वापरतच होते. म्हणून क्रमांकांऐवजी यूआयडी, म्हणजे पत्राचा न सरकणारा ओळख-आकडा, वापरायचा. तो पत्राला एकदा चिकटला की त्या फोल्डरात दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. त्याच्या जोडीला फोल्डरचा 'यूआयडी-व्हॅलिडिटी' हा आकडा असतो. तो बदलला तर आधीचे सगळे यूआयडी निरर्थक. म्हणून तो आकडा मी उतरवलेल्या प्रत्येक फोल्डरच्या नावातच घातला आणि फाइलचं नाव म्हणजे नुसता यूआयडी.

पत्राच्या विषयावरून फाइलला नाव द्यावं असं आधी सुचवलं गेलं होतं, अंकाची मांडणी करणाऱ्या ताईंकडून. शोधायला सोपं जाईल हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाचे वेगळे ३. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. आमच्या लेखकांचे विषय त्याहून लांब असतात! शिवाय एकाच विषयाची दहा पत्रं. म्हणून नावात यूआयडी ठेवला आणि विषय, तारीख, पाठवणारा यांची वेगळी सूची केली. ताई आता तीच सूची वापरतात.

सगळ्यात मोठा निर्णय मात्र हा होता की उतरवताना पत्र उलगडायचंच नाही. सर्व्हरनं दिलेले बाइट जसेच्या तसे ईएमएल (एका पत्राची एक) फाइलमध्ये लिहायचे, बस. मजकूर काढणं, जोडपत्रं वेगळी करणं, मराठी नीट दिसतंय का पाहणं, हे सगळं नंतर, घरच्या प्रतीवर. सर्व्हरला मुदत आहे, आपल्या डिस्कवरच्या प्रतीला नाही. उलगडणारा प्रोग्रॅम आज चुकला तर उद्या सुधारून परत चालवता येतो, पण मूळ बाइटच नसतील तर काय सुधारणार?

पत्र मागवायच्या फेच या आज्ञेला इमॅपलिब जे उत्तर देतं त्याचा आकार विचित्र आहे. एक यादी येते. तिच्यात एक जोडी असते, जोडीतला पहिला भाग म्हणजे सर्व्हरची माहितीची ओळ आणि दुसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष पत्र. त्यानंतर यादीत नुसता एक बंद कंस सुटा पडलेला असतो. आपण एका पत्रामागे एकच वस्तू येईल असं धरलं की इथे अडकायला होतं. जोडी असेल तरच उचलायची, बाकी सोडायचं, एवढं पाळलं की पुरे. माहितीच्या ओळीतून मी खुणा, सर्व्हरवर पत्र आल्याची तारीख आणि पत्राचा आकार एवढं काढून सूचीत टाकलं. आकार फार उपयोगी पडला. सर्व्हर म्हणतो तेवढे बाइट फाइलमध्ये आले का हे पत्रागणिक ताडून पाहता येतं.

जोडणी मध्येच तुटायची. इमॅपलिब तेव्हा 'अबॉर्ट' ही त्रुटी देतं, म्हणजे ती जोडणी संपली, नवी करा. कधी तुटायचीही नाही, नुसतीच गप्प बसायची. त्यासाठी पायथन ३.९ पासून जोडणीला टाइमआउट देता येतो, तो दिला. ज्या यूआयडीची फाइल पूर्ण आकारासह आहे ती वगळायची आणि पुढे चालायचं, असं लिहिल्यामुळे प्रोग्रॅम कितीही वेळा थांबला तरी नव्यानं सुरू केला की राहिलेलं तेवढंच आणायचा.

फोल्डरांची नावं सरांनी हौसेनं मराठीत दिली होती. सर्व्हरकडून ती आली '&' नं सुरू होणारी आणि '-' नं संपणारी, मधे रोमन अक्षरांचा गोंधळ. इमॅपची ही जुनी पद्धत आहे, यूटीएफ-७ चा खास बदललेला प्रकार. इमॅपलिब ती उलगडून देत नाही. त्या दोन चिन्हांमधला भाग घ्यायचा, स्वल्पविरामाच्या जागी तिरकी रेघ घालायची, बेस-६४ (बाइट साध्या रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) म्हणून सोडवायचा आणि यूटीएफ-१६ म्हणून वाचायचा. पाच-सात ओळींत होतं. 'दिवाळी', 'परत पाठवलेले', 'पुढच्या वर्षी पाहू' अशी नावं पडद्यावर उमटली तेव्हा ताई म्हणाल्या, "अहो, हे 'पुढच्या वर्षी पाहू' मी कधी बघितलंच नव्हतं!"

सगळं उतरून दोन डिस्कवर गेल्यावर उलगडायला घेतलं. इथे मराठीचा खरा प्रश्न आला. पत्राच्या विषयात थेट देवनागरी घालायची जुन्या मेलमध्ये सोय नव्हती, म्हणून ती बेस-६४ करून तुकड्यातुकड्यांत पाठवतात. एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. त्यातली १२ वेष्टणात गेली की ६३ उरतात, पण बेस-६४ चार-चार अक्षरांच्या गटांत चालतं, म्हणून वापरता येतात ६० अक्षरं, म्हणजे ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हं. आता 'दिवाळी अंकासाठी कथा पाठवत आहे' हा विषय घ्या. 'दिवाळी'चे १८, मोकळी जागा १, 'अंकासाठी'चे २४, परत मोकळी जागा १, झाले ४४. पंचेचाळिसावा बाइट म्हणजे 'कथा'तल्या 'क'च्या तीन बाइटांपैकी पहिला. अक्षर असं मधे तोडू नये असा नियम आहे, पण काही जुने मेल प्रोग्रॅम तो पाळत नसत. असा प्रत्येक तुकडा वेगवेगळा सोडवला की 'क'च्या जागी कचरा येतो आणि उरते नुसती 'था'.

पायथनच्या ईमेल लायब्ररीत विषय वाचायच्या दोन पद्धती आहेत. नवी पद्धत, जिला 'पॉलिसी डिफॉल्ट' सांगावं लागतं, वापरायला फार सुटसुटीत आहे. मजकूर आणि जोडपत्रं काढायला मी तीच वापरली. पण ती तुकडे एकेक सोडवते. जुनी 'डिकोड हेडर' पद्धत एकाच एन्कोडिंगचे (अक्षरं बाइटांत मांडायच्या एकाच पद्धतीचे) शेजारचे तुकडे आधी बाइट म्हणून जोडते, मग त्यांची अक्षरं करता येतात, त्यामुळे मोडलेला 'क' तिथे सांधला जातो. विषयांसाठी म्हणून जुनीच बरी.

सरांच्या जीमेलवरही अंकाची काही पत्रं होती, तीही ओघात आणली. २०२२ पासून जीमेलला अशा प्रोग्रॅमसाठी नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तिथली लेबलं इमॅपमध्ये फोल्डरसारखी दिसतात, म्हणून एकच पत्र चार ठिकाणी भेटतं. 'ऑल मेल' या एकाच फोल्डरातून घेतलं की ही पुनरावृत्ती टळते.

राहिला फॉन्टचा भाग, आणि तो माझ्या हातचा नव्हता. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी आपल्याकडे मराठी लिहिलं जायचं ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये, नाहीतर कुठल्या तरी 'शिवाजी' फॉन्टमध्ये. त्या पत्रांत देवनागरी अशी नाहीच. आहेत ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, जी ठरावीक फॉन्ट लावला तरच मराठी दिसतात. कोणता फॉन्ट हे बहुतेक पत्रांत लिहिलेलंही नाही. पायथनच्या लेखी तो धड मजकूरच असतो, तो कुठलीच त्रुटी दाखवत नाही. ताईंनी मात्र नुसती दोन ओळी नजर फिरवून सांगितलं, "हे श्रीलिपी. ते खालचं आयएसएम." अनेक वर्षं त्याच मजकुरात बोटं फिरलेली, त्यांना अंदाजही करावा लागला नाही. मूळ बाइट राखले होते म्हणून हे ओळखता आलं. उतरवतानाच कुणी सगळ्याचं यूटीएफ-८ करत बसलं असतं तर त्यातली वरच्या पट्टीतली (१२७ च्या पुढच्या क्रमांकांची) चिन्हं, म्हणजे नेमकी अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं, गेली असती.

सध्या ताई फॉन्ट ओळखून सूचीत लिहितात आणि मी त्या-त्या फॉन्टचा तक्ता लावून युनिकोड प्रत करतो. रफार आणि पहिली वेलांटी हे दोघं सगळ्यात त्रास देतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती दिसतात त्या क्रमानं लिहिलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चारतो त्या क्रमानं. सरांच्या न वाचलेल्या पत्रांची यादी त्यांना छापून दिली आहे, कारण खातं आता बंद झालं. त्यातल्या ज्या लेखकांचे पत्ते अजून चालू आहेत, त्यांना उत्तरं जायला लागली आहेत.